मधला ‘ह’

चुऱ्यांच्या घरात आजवर भांडणं झाली ती बांधावरून, बोअरच्या पाण्यावरून, आणि एकदा बारशाच्या जेवणात सुरमईचं डोकं कोणाच्या ताटात पडलं यावरून. दोन अक्षरी शब्दावरून घर पेटण्याची ही पहिलीच वेळ होती.

तो शब्द घरात आणला प्रितेशने. बहिणीच्या, मयुराच्या, लग्नाचं पक्कं करायला उधवा गावची, मुलाकडची मंडळी रविवारी नरपडला येणार होती. कधी पोचाल, जेवायला किती जण, एवढं विचारायला त्याने नवऱ्या मुलाच्या, जीवनच्या बापाला, सुक्याला, फोन लावला होता. फोन ठेवून तो ओट्यावर आला, तेव्हा चिकूच्या फोडी वाळत घालणाऱ्या आईला, हिरकणीला, त्याचं तोंड बघून वाटलं, कोणीतरी गेलं.

"काय रे?" बापाने, सदूने, झोपाळ्यावरून विचारलं.

"येतायत. पण म्हणाले, ‘पयलं देज ठरवू, मग बाकीचा.’"

"देज?"

"दहेज हो, पप्पा."

झोपाळा थांबला. घरात रविवारच्या बैठकीसाठी चिंचणीहून चिमणमामा दोन दिवस आधीच आलेला होता. हिरकणीचा हा थोरला भाऊ तीस-पस्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाला होता, पण मराठीने त्याला निवृत्त केलं नव्हतं. कोणी शिंकलं तरी तो शिंकेची व्युत्पत्ती सांगायचा.

"बरोबर," तो म्हणाला. "मधला ‘ह’ गळतो. पाहिजेचं पायजे झालं, राहिलंचं रायलं झालं, तसं दहेजचं देज. भाषेचा नियमच आहे."

नियम पक्का होता. फक्त तो इथे लागू नव्हता. पण मास्तराने खडू उचलल्यावर वर्गात कोण बोलणार?

खरं तर सदूला आनंद व्हायला हवा होता. चुऱ्यांची पोर वारली समाजातल्या घरात जाणार म्हणून वर्षभर त्याने आकाशपाताळ एक केलं होतं. शेवटी दिवाळीत मयुराने अबोला धरला आणि तो नमला. पण नमल्यानंतरच्या महिन्यांत भलतंच होऊन बसलं. जीवन एकदा आला आणि वाडीतला बंद पडलेला पंप तासाभरात चालू करून गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा सदूनेच त्याला बळेबळे चार तास बसवून घेतलं. आता सगळ्या नरपडला आमंत्रण तोंडी पोचलं होतं, मांडववाल्याला इसार दिला होता, आणि मुख्य म्हणजे पंप पुन्हा कुरकुरू लागला होता.

"हे बघा," सदू घसा साफ करून म्हणाला, "जगाची रीत आहे. थोडंफार द्यावं लागतं."

"पप्पा!" मयुरा स्वयंपाकघरातून हातात उलथनं घेऊनच बाहेर आली. "एक रुपया द्यायचा नाही. मोडा हे लग्न."

"अगं, वर्षभर याच लग्नासाठी तू मला जेवू दिलं नाहीस!"

"तेव्हा ती माणसं होती. आता गिऱ्हाइकं झाली."

तिने तिथल्या तिथे जीवनला फोन लावला. दोघं तारापूरच्या एका कारखान्यात होती, ती प्रयोगशाळेत, तो यंत्रांच्या देखभालीला. आजवर त्याने तिला एकाही गोष्टीत फसवलं नव्हतं.

"तुझ्या घरचे देजाचं बोलणार आहेत, माहीत आहे तुला?"

"हो, आई त्याशिवाय हलणार नाय," पलीकडून जीवन अगदी मजेत म्हणाला. "मोठी माणसं बघतील किती ते. तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

मयुराने फोन कापला, त्याचा नंबर बंद करून टाकला आणि आत जाऊन भाकरी इतकी थापली की ती परातीएवढी झाली.

"हुंडा मागणाऱ्याला बेड्याच घातल्या पाहिजेत," चिमणमामा म्हणाला. म्हणताना त्याची नजर गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडकडे गेली. तिथे एक हिरवी स्कूटर उभी होती, म्हणजे एके काळी हिरवी होती. सदू-हिरकणीच्या लग्नात ती चिंचणीहून नरपडला आली. आता तिच्या डिकीत कोंबड्या अंडी घालत.

सदूने ती नजर पकडली. "ती हौसेने दिली होती तुमच्या वडिलांनी."

"हो, हो. हौसेनेच."

त्या हौसेपायी खाडीकाठचा भाताचा तुकडा गेला, हे चिमणला आठवत होतं. सदूला आठवत नव्हतं. हिरकणी फोडी उलट्या करत राहिली. तिला वेगळंच दिसत होतं. लग्न झालं काय, मोडलं काय, मयुरा एक दिवस जाणार आणि तिची स्कुटीही जाणार. दर रविवारी त्या स्कुटीवर मागे बसून ती चिंचणीला जाई, आईपाशी तासभर बसे, बंदरावर ताजे बोंबील घेई. त्याआधीची सगळी वर्षं ‘मला कोणी सोडेल का’ म्हणत दारात उभं राहण्यात गेली होती. सदूला कधी वेळ नसे, आणि वेळ असला की स्कूटरमध्ये पेट्रोल नसे. तिला पोरीचा विरह तर होणारच होता, पण खरं सांगायचं तर स्कुटीचाही होणार होता, आणि याची तिला मनातून लाज वाटत होती.

*

रविवारी उधव्याची मंडळी भाड्याच्या गाडीतून निघाली. पुढे सुक्या आणि जीवन, मागे जीवनची आई जिवली आणि तिची नणंद धाकली. तलासरी मागे पडेपर्यंत जिवली बोटांवर हिशेब करत होती.

"ते शेठ लोक," ती शेवटी म्हणाली. "भारी देज सांगतील."

"सांगू दे. शेवटी पाचावर येतील," सुक्या म्हणाला. त्याने पाच हजार धरले होते. जास्त लागले तर बैल विकायची तयारी होती.

"पाचाच्या खाली नाय जायचं हां. शिकलेली पोर हाय, पगार आणते. पाचाच्या खाली आणली तर पाड्यावर बाया काय म्हणतील? फुकटात उचलून आणली म्हणतील."

जिवलीचं स्वतःचं देज अर्धंच दिलं गेलं होतं. सासू जिवंत होती तोवर जिवलीने दर भांडणात ते अर्धं बाहेर काढलं. देज म्हणजे काय हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना द्यायचं. पोर रिकाम्या हाताने न्यायची नाही. यात दुसरंही काही असू शकतं हे तिला कोणी सांगितलं असतं, तर ती पोट धरून हसली असती.

नरपडला उतरल्यावर तिने जीवनला बजावलं, "तू बाहेर बस. देजाच्या बोलण्यात नवरा बसत नाय."

"आई, ती माझा फोन घेत नाय. दोन शब्द बोलू दे."

"लाजत असंल. बस तिकडं."

जीवन मुकाट्याने शेडकडे गेला. तिथे हिरवी स्कूटर बघून त्याचे हात शिवशिवले. त्याने डिकीतली चार अंडी काढून सांभाळून बाजूला ठेवली आणि प्रितेशला म्हणाला, "पाना आहे का रे? आणि थोडं पेट्रोल?"

*

ओटीवर पाणी झालं, चहा झाला, ताटलीतली चिकूची फोड न फोड खाऊन झाली. स्वयंपाकघराच्या दारामागे मयुरा उभी होती. धाकलीने एकदा वाकून तिच्याकडे बघून हसण्याचा प्रयत्न केला, तर मयुराने तोंड फिरवलं. लाजतेच आहे, धाकलीने जिवलीला खुणेने सांगितलं.

"तर याही," सुक्याने व्याह्यांकडे बघून सुरुवात केली, "देजाचं ठरवू. आकडा तुमी सांगा. मान तुमचा."

सदूला हे बरं वाटलं. निदान मागणारा सभ्य दिसत होता. त्याने मनात पाचाची हद्द आखली होती, पाच लाखांची. कोणीही शहाणा माणूस करील तसं त्याने निम्म्याच्याही खालून सुरू केलं.

"दोन," तो म्हणाला.

जिवलीने सुक्याकडे पाहिलं. सुक्याने जिवलीकडे पाहिलं.

"दोन?" जिवली म्हणाली. "दोन कसं चालंल? पाच तरी पायजे."

बघा, सदूच्या मनात आलं, बाईच जास्त पक्की आहे. "पाच जड होतील हो."

"जड? तुमाला काय जड?"

"मलाच जड, नाहीतर कोणाला? अडीच करू."

सुक्या बायकोच्या कानाशी लागला. "अगं, कमीच सांगतोय तर हो म्हण ना. बैल वाचला."

"गप. बापच पोरीला कमी लेखतो, तर आपल्या घरात तिला मान कोण देईल?" ती सदूकडे वळली. "याही, पाच. त्याच्या खाली नाय."

"दहेज मागणं हा गुन्हा आहे, हे माहीत आहे ना तुम्हाला?" चिमणमामाने आता तोंड घातलं.

सुक्याला पहिला शब्द नीट ऐकू आला नाही, पण गुन्हा ऐकू आला. "गुन्हा कसला मास्तर? आमच्यात बापजाद्यापासून चालतंय."

"ऐका! वर बापजाद्यांचं नाव सांगतात!"

"अडीच," सदू म्हणाला.

"पाच," जिवली म्हणाली.

"मग दोनच!"

आयुष्यात जिवलीने देजाची वीसेक बोलणी पाहिली होती. मुलीचा बाप वर वर चढतो, मुलाचा बाप खाली ओढतो, मधे दोन-चार शिव्या होतात आणि सगळे जेवायला बसतात. बापाने खाली खाली उतरावं असं तिने कधी पाहिलं नव्हतं.

सदूचंही डोकं फिरलं होतं. तो झोपाळ्यावरून उठला. "दीड! ऐकलंत? दीड! यावर एक दमडी नाही!"

जिवलीही उठली. तिचा आवाज खाली आला, आणि त्यामुळे तो सगळ्यांना ऐकू गेला.

"याही, खरं सांगा. पोरीत काय खोट हाय का?"

"खोट?" सदू ओरडला. "माझ्या पोरीत? खोट असेल तुमच्या पोरात!"

"पप्पा, सांगा त्यांना, चालते व्हा म्हणून!" मयुरा दारातून बाहेर आली. तिचे डोळे भरले होते. "मला नाही करायचं हे लग्न. कोणाशीच नाही करायचं."

मग काय, ज्याच्या तोंडाला येईल ते तो बोलू लागला. चिमणमामा कलमांचे आकडे सांगत होता, त्यातलं एक शेतसाऱ्याचं होतं. धाकली रडत होती. हिरकणी सगळ्यांना पाणी देत फिरत होती आणि कोणी घेत नव्हतं. शेवटी गरीब सुक्या, जो आजवर कोणाशी वर आवाजात बोलला नव्हता, पंचा जमिनीवर आपटून म्हणाला,

"हा काय न्याय? आमी पाच द्याला तयार, आनी हे दीडाच्या वर घ्याला तयार नाय!"

धाकली रडायची थांबली.

"घ्यायला?" सदू म्हणाला. "मी कशाला घेऊ?"

"मग कोण घेणार? मी?"

"तुम्हीच ना!"

"आमी पोर पण न्यायची आनी वर पैसे पण घ्यायचे?" सुक्याने आ वासला. "आमी काय दरोडेखोर हाय?"

सदू हळूच झोपाळ्यावर बसला. मग सगळ्यांच्या माना एकेक करून चिमणमामाकडे वळल्या. मामा छताकडे बघत होता.

"देज," तो पुटपुटला. "देय. द्यावयाचे ते. ‘य’चा ‘ज’ होतो... कार्यचं काज होतं, तसा. आणि ते दहेज मुळात जहेज, अरबी. म्हणजे मधला ‘ह’ गळलेला नाही."

"मग?"

"तो नव्हताच," मामा म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला.

पहिल्यांदा हसली ती धाकली. मग सुक्या, मग सदू, आणि सदू हसायला लागला की झोपाळ्याच्या कड्या वाजत. एका दमात तो गरीब बिचारा वधूपिता होता तो चुरीशेठ झाला. "अहो, मग दोन लाख कशाला, मी तर..."

"लाख?" जिवलीने पाची बोटं पसरली. "मी हजार म्हणत होते!"

पुन्हा हशा. पण मयुरा हसली नाही. ती भिंतीला टेकून तशीच उभी होती.

"म्हणजे आता पप्पांनी पैसे घ्यायचे?" ती म्हणाली. "आधी मला द्यायला पैसे लागत होते, आता घ्यायला लागतात. फरक काय पडला? मी चिकूची पेटी आहे का?"

सदू लगेच तिच्या बाजूला गेला. "बरोबर बोलते पोर. चुरी पोरी विकत नाहीत."

जिवलीला वाईट वाटलं होतं, आणि ते तिने लपवलं नाही.

"विकत कोण घेतो गं, पोरी? विकत घेतलेला बैल परत जातो का मायेरी? तू शंभरदा जाशील. तुझ्या आईनं तुला वाढवलं. तू तिच्या हाताखाली होतीस, पाण्याला, बाजाराला. उद्या तू आमच्यात आलीस का तिच्या घरात तेवढी खोट पडंल. ती खोट आमाला भरता येत नाय. पण खोट पडली हे आमाला दिसतंय, हे सांगाला नको? तेच्यासाठी देज. रिकाम्या हातानं नेलं तर चोरून नेल्यासारखं होतं."

मयुरा आईकडे बघायला लागली. तेवढ्यात बाहेर एक मोठा खोकला ऐकू आला. मग दुसरा. मग फट् फट् फट् फट् करत शेडमधून निळा धूर निघाला, कोंबड्या केकाटत चिकूच्या झाडांवर चढल्या आणि प्रितेश ओरडला, "चालू झाली! पप्पा, चालू झाली!"

हिरकणीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. हा आवाज तिने बावीस-तेवीस वर्षांत ऐकला नव्हता. नवी नवरी म्हणून ती याच आवाजाच्या मागे, एका बाजूला दोन्ही पाय करून, पदर सावरत या घरात आली होती. पुढे बसली नव्हती एकदाही. एकदा म्हणाली होती, मला शिकवा. सदू हसला होता आणि ते हसणं त्याने चार घरी सांगितलं होतं.

"विहीणबाई," ती जिवलीला म्हणाली. "देज कोणाला देतात? बापाला की आईला?"

"बोलतो बाप. पण दूध आईचं."

"मग मी घेणार."

"हिरू!" चिमणमामा म्हणाला.

"अगं, काय बोलतेस?" सदू म्हणाला. "लोक काय म्हणतील? पैसे..."

"पैसे कोण मागतंय?" हिरकणीने पदर खोचला. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की ती भराभरा बोले. "मयू जाईल तशी तिची स्कुटी जाईल. मला चिंचणीला कोण नेणार? तर देज म्हणून जीवनने मला ती स्कूटर शिकवायची. क्लच, गिअर, सगळं. ती माझ्या बापाने दिलीय."

"हौसेने दिली होती," सदू सवयीने म्हणाला.

"हो. तुमच्या हौसेने."

चिमणमामाने चष्मा पुन्हा पुसायला घेतला, कारण आता खरंच पुसायची गरज होती. भाताचा तुकडा त्या एका शब्दात आला होता, आणि इतक्या वर्षांत तो विषय घरात पहिल्यांदाच निघाला होता.

जिवलीने जराही वेळ न लावता मान डोलावली. "हे देज बरोबर. पाचापेक्षा भारी हाय. पण आमच्यात एक हाय, देज पुरं झाल्याबिगर हळद नाय लागत. याहीण एकटी चिंचणीला जाऊन येतील, त्याच्यानंतर हळद."

मयुरा तीरासारखी बाहेर गेली. शेडपाशी जीवन काळे हात घेऊन उभा होता, आणि आपण काय केलंय हे त्याला अजून कळलं नव्हतं.

"देजाचं आधी नीट सांगता येत नाही तुला?" ती ओरडली. "माठ्या! दोन दिवस रडतेय मी! आता उभा काय राहिलास? आईला शिकव लवकर. ब्रेक आहे का हिला?"

"मागचा आहे," जीवन म्हणाला. "थोडा."

हिरकणी आली ती चपला काढून, देवळात जावं तशी. जीवनने तिला पुढे बसवलं, स्वतः मागे बसला, दोन्ही पाय जमिनीवर. "आई, डावी मूठ दाबा. आता फिरवा, पहिला. आता हळूऽऽ सोडा."

हळू सोडायचा भाग हिरकणीने ऐकला नाही. स्कूटरने उडी मारली. चिकूच्या फोडींच्या दोन ताडपत्र्या तिने मधोमध पार केल्या, धाकलीने "गं बायो!" केलं, जीवनचे पाय हवेत गेले, आणि स्कूटर डुगडुगत पण पडायचं नाव न घेता वाडीच्या फाटकाकडे निघाली.

"अगं, वळव!" सदू मागे धावत ओरडला. "फाटक आलं! वळव!"

"वळवायचं अजून शिकवलं नाही!" हिरकणीचा आवाज आला.

फाटक उघडंच होतं. स्कूटर रस्त्याला लागली, ती आपोआप चिंचणीच्या बाजूला. धूर बराच वेळ तिथे राहिला.

सदू फाटकात कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा होता. सगळे येऊन त्याच्या मागे उभे राहिले. जिवलीने त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो त्याने घेतला, प्यायला, आणि रस्त्याकडे बघतच विचारलं,

"येईल ना परत?"

"याही," जिवली म्हणाली, "आता कळलं ना, खोट म्हंजे काय ते?"